तासाला बोटभर

पहिलं मोजपात्र फुटलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. काचेच्या कारखान्यात काच फुटणारच. दुसरं फुटलं तेव्हा थोरल्या दिरांनी नुसत्या भुवया उंचावल्या. तिसरं फुटलं तेव्हा मात्र ते मालाच्या खोलीच्या कुलपाकडे बघत राहिले, आणि कुलपावरून त्यांची नजर धाकट्या सुनेच्या मनगटावर आली. कुलपाची किल्ली तिथे काळ्या नाडीत बांधलेली होती.

"खोली बंद होती?"

"हो."

"किल्ली तुझ्याकडे?"

"माझ्याकडेच असते, भावोजी."

"मग फुटलं कसं?"

मोजपात्र फळीवरून पडलेलं नव्हतं. जागच्या जागी उभं होतं, फक्त त्याचं जाड बूड तबकडीसारखं सुटून बाजूला झालं होतं, कुणी कापून काढावं तसं. तिने ते दोन्ही तुकडे उचलले, वर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवले. आधीच्या दोघांचे तुकडे तिथेच होते.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांब शेड. एका टोकाला काच वितळवायची भट्टी, मध्ये फुंकायची जागा, आणि दुसऱ्या टोकाला विटांची एक बुटकी खोली. तिला घरात सगळे निवणी म्हणत. नुकतं घडवलेलं तापलेलं भांडं उघड्यावर ठेवलं तर तडकतं. म्हणून ते निवणीत ठेवायचं, दार मातीने लिंपायचं आणि आतली धग सावकाश जाऊ द्यायची. धग बाहेर पडायला मागच्या बाजूला एक लोखंडी झडप होती, सरकवता येणारी. शेडला लागूनच मालाची खोली. सहा वर्षं त्या खोलीचा कारभार धाकटीकडे होता.

थोरले दीर कारखाना चालवायचे. धाकटीचा नवरा काच फुंकायचा. त्याच्या तोंडात दिवसभर फुंकणी असते, म्हणून बोलायचं काम त्याने बायकोला दिलंय, असं जाऊबाई म्हणत. जाऊबाई म्हणजे थोरल्या दिरांची बायको. माल गवतात आणि कागदात बांधायचं काम त्यांचं. सासरे, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांनी चाळीस वर्षं निवणी सांभाळली होती. दोन महिन्यांपूर्वी पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ते पुढच्या खोलीत पलंगाला खिळले. तेव्हापासून निवणी थोरल्या दिरांकडे आली होती, आणि त्यांना तिचा अभिमान होता. "आबा दोन-दोन दिवस लावायचे," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी दुसऱ्या दिवशी दुपारी माल बाहेर काढतो."

आता शाळांच्या प्रयोगशाळांसाठी दोनशे मोजपात्रं हवी होती. हातभर उंच, आणि पोरांच्या हातून लवंडू नयेत म्हणून बूड चांगलं जाड. एवढ्या जाड बुडाचं काम आबा पडल्यापासून पहिल्यांदाच आलं होतं. मधल्या काळात नुसत्या पातळ बाटल्याच चालू होत्या. एकशे वीस मोजपात्रं तयार होऊन फळ्यांवर लागली होती. शनिवारी शाळांच्या वतीने तपासणीच्या बाई येणार होत्या.

"शनिवारपर्यंत आणखी एक जरी फुटलं," थोरले दीर म्हणाले, "तर किल्ली हिच्याकडे." त्यांनी जाऊबाईंकडे बोट केलं. "आणि तू शेडमध्ये यायचं नाहीस. घरातलं बघ."

"मी काय केलंय?"

"ते मी म्हटलेलं नाही."

जाऊबाई कागदाच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "कसं असतं, एखाद्याचं मन दुसरीकडे लागलं की हातातलं सुटतंच."

हा टोला कशावरून होता ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या महिन्यात एका मोठ्या कारखान्याने धाकटीच्या नवऱ्याला बोलावणं पाठवलं होतं. तो नाही म्हणाला होता, पण जाऊबाईंच्या मते ते 'नाही' त्याचं होतं, तिचं नव्हतं. इथलं काम बुडालं की आपोआप तिकडे जाता येईल, असा हिशेब त्यांनी तिच्या नावावर मांडून ठेवला होता.

संध्याकाळी हात धुताना नवऱ्याने विचारलं, "तू रागाच्या भरात कधी एखादं जोरात तर नाही ना ठेवलंस?"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "तूसुद्धा?"

"मी नुसतं विचारलं."

"दिवसभर गप्प बसतोस, आणि तोंड उघडतोस ते यासाठी."

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने स्वतःच तपास सुरू केला. ती नीट विचार करणारी बाई होती. तिन्ही मोजपात्रं मधल्या फळीवरची होती. वरची फळी सोडून, खालची सोडून, नेमकी मधलीच. जाऊबाई बुटक्या, वरच्या फळीला त्यांचा हात पोचत नाही आणि वाकलं की त्यांची कंबर धरते. तिन्ही फुटली ती दुपारी, धाकटी घरात जेवायला गेलेली असताना. त्या वेळी शेडमध्ये जाऊबाई एकट्याच असत. आणि खोलीला दुसरी किल्ली होती. ती जाऊबाईंच्या कपाटात, बांगड्यांच्या डब्यात. एक एक गोष्ट अशी दुसरीला चिकटत गेली की मध्ये सुई घालायला जागा राहिली नाही.

जेवायला जाण्याआधी तिने खोलीच्या उंबऱ्यावर खडूची पूड भुरभुरली आणि दाराच्या खालच्या कडेला एक पांढरा दोरा चिकटवला. दार उघडलं की दोरा तुटणार, आत पाऊल पडलं की पूड विस्कटणार. जेवताना तिचं लक्ष घासाकडे नव्हतं.

"भाजी आवडली नाही वाटतं," जाऊबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या लवकर जेवायला आल्या होत्या.

"तुम्ही आज इकडे कशा?"

"का? माझ्या घरात जेवायला तुझी परवानगी लागते?"

ती परत गेली तेव्हा दोरा शाबूत होता. पूड जशीच्या तशी होती. आणि मधल्या फळीवरच्या चौथ्या मोजपात्राचं बूड सुटलेलं होतं.

धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली. खिडकीला गज होते, गजांमधून मांजरही येऊ शकलं नसतं. तिने छताकडे पाहिलं, भिंतीवर हात फिरवून पाहिला. मग तिने चौथ्याचे तुकडे उचलले, चिठ्ठी लावली आणि टोपलीत ठेवून वर गोणपाट टाकलं. गोणपाट टाकताना तिला कळत होतं की आपण लपवतो आहोत, आणि ज्याने काही केलेलं नसतं तो लपवत नाही.

गुरुवारी ती जेवायला गेलीच नाही. पोटात दुखतं असं सांगून आतून कडी लावून खोलीत उपड्या खोक्यावर बसली. खिडकीतून उन्हाचा पट्टा हळूहळू सरकत भिंतीवरून फळीवर आला. बाहेर भट्टीचा एकसुरी आवाज चालू होता. कुणी आलं नाही. कडी हलली नाही. आणि तिच्यापासून दोन हातांवर, तिच्या डोळ्यांसमोर, एका मोजपात्रातून टक् असा आवाज झाला. एवढासाच, जिभेने टाळूवर वाजवावा तसा. बूड सुटलं आणि किंचित तिरकं झालं.

ती बराच वेळ हलली नाही. आता तिला खरी गोष्ट माहीत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. 'मी खोलीत एकटीच होते, कडी आतून होती, मी हात लावला नाही, ते आपोआप फुटलं.' चोरसुद्धा याहून बरी थाप मारील. थोरल्या दिरांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते तिला आत्ताच दिसत होतं. तिने पाचव्याचे तुकडे टोपलीत ठेवले आणि गोणपाट ओढलं, तेवढ्यात दारावर थाप पडली. तिने कडी काढली. जाऊबाई वाटीत ओवा घेऊन उभ्या होत्या.

"पोट दुखतंय म्हणालीस ना. घे." त्यांची नजर तिच्या खांद्यावरून टोपलीकडे गेली. "गोणपाट कशाला घातलंय?"

त्यांनी वाटी फळीवर ठेवली, गोणपाट उचललं आणि चिठ्ठ्या मोजल्या. "तीन म्हणाली होतीस."

"आतून कडी लावून बसली होतीस," जाऊबाई सावकाश म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना धक्का बसलेला दिसत होता, आणि धाकटीला तेच जास्त लागलं. इतके दिवस टोमणे मारताना त्यांचा स्वतःचाही त्यावर पुरता विश्वास नव्हता. तो आत्ता बसला.

संध्याकाळी किल्ली थोरल्या दिरांनी मागितली नाही. नुसता हात पुढे केला. काळी नाडी सोडायला धाकटीला वेळ लागला, कारण सहा वर्षांत ती गाठ कुणी सोडली नव्हती.

शनिवारी तपासणीच्या बाई आल्या. वयस्कर, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. निवृत्त होईपर्यंत त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवत होत्या, आणि आता शाळांचं सामान पारखून द्यायचं काम करत. धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. थोरले दीर बाईंना वाजवीपेक्षा जास्त हसून दाखवत होते. बाईंना यांनीच शिकवून आणलं असेल, तिच्या मनात आलं; बाहेरच्या माणसाच्या तोंडून माझं नाव निघालं की घरात वाईटपणा कुणाकडे येत नाही.

थोड्या वेळाने नवरा तिला बोलवायला आला. "बाई म्हणतात, फुटलेली कुठे आहेत ते खोली सांभाळणारीला विचारायचंय."

"खोली आता जाऊबाई सांभाळतात."

"त्यांनी तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, फुटली तेव्हा कोण सांभाळत होतं?"

धाकटी पदर सारखा करून गेली. बाईंनी टोपलीतले तुकडे टेबलावर ओळीने मांडले होते.

"या चिठ्ठ्या तू लावल्यास?"

"हो."

"छान सवय आहे. मला वर्गात अशी एक जरी मुलगी मिळाली असती तर माझे केस एवढे पांढरे झाले नसते. कुठल्या फळीवरची?"

"मधल्या. पाचही."

"वेळ?"

"दुपारी, जेवणाच्या सुमाराला." आणि मग तिच्याने राहवलं नाही. "शेवटचं माझ्यासमोर फुटलं. मी हात लावला नव्हता. तुम्हाला खोटं वाटेल."

थोरले दीर नाकातून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बुडाची तबकडी उचलून कड बोटाने चाचपली. "मला का खोटं वाटेल?" त्या म्हणाल्या. "काच अशी फुटते. मनात असलं तर महिन्याने फुटते."

त्यांनी पिशवीतून एक लहान दिवा काढला आणि दोन काळसर पट्ट्या. एक पट्टी दिव्यापुढे उभी केली, दुसरी डोळ्यांसमोर आडवी धरली. "ये, तू बघ. काय दिसतं?"

धाकटीने त्यांच्या हातातली पट्टी संशयानेच घेतली. "काही नाही. अंधार."

"बरोबर. उजेड सगळ्या बाजूंनी थरथरत येतो. पहिली पट्टी त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडते, आणि दुसरी ती अडवते. आता मध्ये तुमचं मोजपात्र धरू." त्यांनी फळीवरचं एक धड मोजपात्र उचलून मध्ये धरलं.

धाकटी पुढे वाकली. नळीचा भाग काळा होता, पण बुडात उजेड पेटला होता. मधोमध एक काळी फुली, आणि तिच्याभोवती पिवळी, तांबडी, निळी वलयं, पाण्यावर तेल पसरावं तशी. डोळ्यांना साधी, स्वच्छ दिसणारी काच होती ती.

"रंग आहेत आत," ती म्हणाली.

"रंग नाहीत. ओढाताण आहे. ताणलेली काच उजेडाची दिशा वळवते, म्हणून तो दुसऱ्या पट्टीतून निसटतो. तुमच्याकडे एखादं जुनं, जाड भांडं आहे का?"

नवरा गेला आणि शेडच्या कोपऱ्यातलं, आबांच्या हातचं एक जाड बुडाचं पात्र घेऊन आला. त्यात खिळे ठेवत असत. बाईंनी खिळे ओतून काढले आणि ते दिव्यापुढे धरलं. अंधार. नुसता, गप्प अंधार. त्यांनी पट्टी एकेकाच्या हातात दिली. जाऊबाईंनी दोनदा पाहिलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून.

"हे कळायला थोडं मागे जावं लागेल," बाई म्हणाल्या आणि खोक्यावर बसल्या.

"बाई, आम्ही काही शाळेत नाही," थोरले दीर म्हणाले.

"म्हणूनच जरा जास्त वेळ लागेल." त्यांनी पदराने हात पुसले. "शाळेच्या सभागृहात पोरं सैरावैरा पळताहेत असं समजा. भट्टीतली वितळलेली काच म्हणजे तेच. घंटा वाजली की पोरं रांगा लावतात. मीठ गोठतं, बर्फ गोठतो, तेव्हा आतले कण असेच रांगेत बसतात. पण काचेतल्या पोरांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. वाळूतला एक सूक्ष्म कण, त्याच्या चहूबाजूंनी चार हात. रांगेत जायचं तर आधी एक हात सोडायला हवा आणि मग दुसऱ्याचा धरायला हवा. आणि आजूबाजूला एवढी गर्दी, की एकाला सरकायचं तर पाच जणांनी सरकायला हवं. खूप तापलेलं असतं तोवर हे भराभर होतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखो वेळा."

"आणि गार व्हायला लागलं की?" हे धाकटीने विचारलं.

"की हात सुटेनासे होतात. आधी क्षणाला एकदा, मग घटकेला एकदा, मग दिवसाला एकदा, आणि मग आपल्या जन्मात एकदाही नाही. रांग लागलीच नाही, वेळ मात्र संपली. जो जिथे होता तिथेच राहिला. याला आपण काच म्हणतो. घट्ट झाली, पण आतून अजून पळापळीतलीच."

"म्हणजे सगळी काच अर्धवटच," नवरा म्हणाला. बाईंसमोरचं त्याचं हे पहिलं वाक्य होतं, आणि जाऊबाईंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"अर्धवट, पण त्यात वाईट काही नाही. वाईट केव्हा होतं ते ऐका. जाड बुडाची बाहेरची बाजू आधी गार होते. तिथली पोरं थांबली. आतली अजून गरम, अजून सरकताहेत, जवळजवळ येताहेत. शेवटी तीही थांबतात. पण त्यांना अजून आत यायचं असतं आणि बाहेरच्यांनी हात सोडलेला नसतो. आतली बाहेरच्यांना ओढताहेत, बाहेरची आतल्यांना. ही ओढ काचेत बसून राहते. वरून दिसत नाही. मग कुठेतरी केसाएवढा ओरखडा असतो, तो रोज थोडा थोडा आत जातो. खिडकीतून जेवणाच्या वेळेला मधल्या फळीवर ऊन येतं?"

"येतं," धाकटी म्हणाली. "गुरुवारी मी बघत होते."

"तेवढी ऊब पुरते."

धाकटीने नकळत जाऊबाईंकडे पाहिलं. मधली फळी, दुपारची वेळ, बुटकी उंची. तिने इतक्या काळजीने एकमेकांना जोडलेल्या सगळ्या गोष्टी एका उन्हाच्या पट्ट्याने सोडवल्या होत्या. तिला लाज वाटली, पण ती कुणाला सांगायची नव्हती, कारण हा संशय तिने बोलून दाखवलेलाच नव्हता. जाऊबाईंचं तसं नव्हतं.

"म्हणजे निवणीत घाई होते आहे," बाई म्हणाल्या. "निवणी कोण बघतं?"

"मी," थोरले दीर म्हणाले. "आबांनी सांगितलं तस्संच. भिंतीवर लिहिलंय, चला, दाखवतो."

निवणीशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. आबांना पलंगावर नेलं त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं आणि जाऊबाईंनी उतरवून घेतलं होतं: 'चार तास मंद आच, झडप बंद. मग आच बंद करून झडप तासाला बोटभर. हाताला सोसेल तेव्हा काढा.'

"बरोबर आहे की," बाई वाचून म्हणाल्या. "करून दाखवा."

थोरल्या दिरांनी झडपेच्या कडेला तर्जनी उभी लावली, मुळापासून टोकापर्यंत, आणि टोक जिथे आलं तिथपर्यंत झडप ओढली. "हे बोटभर."

नवऱ्याने आपल्या हाताकडे पाहिलं. बोट आधी उभं धरलं, मग आडवं.

"आबांना विचारू," धाकटी म्हणाली.

सगळे पुढच्या खोलीत गेले. आबा उशीला टेकून बसले होते. एवढी माणसं एकदम आत आलेली बघून ते म्हणाले, "काय झालं? मी गेलो की काय?"

"आबा," धाकटीने विचारलं, "झडप तासाला बोटभर म्हणजे किती?"

"बोटभर म्हणजे बोटभर."

"दाखवा ना."

आबांनी पांघरुणावरच्या एका रेघेशी आपली तर्जनी आडवी टेकवली. रेघेला लागून, बोटाच्या जाडीएवढी जागा. "एवढी. यापेक्षा जास्त नाही. जाड माल असेल तर याच्या निम्मी. हे काय विचारता, चाळीस वर्षं बघताय ना?"

थोरले दीर आबांच्या बोटाकडे बघत होते. त्यांचं स्वतःचं बोट अजून सरळ, ताठ होतं, आणि ते त्यांनी हळूच मुठीत घेतलं. "मी लांबी धरली," ते म्हणाले. "बोटभर म्हटल्यावर मला वाटलं..."

"लिहिताना मला विचारायला हवं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "उभं की आडवं."

"म्हणजे चौपट वेगाने," आबांना आता कळलं. ते थोरल्या दिरांकडे वळले. मग म्हणाले, "आणि फिरतो सांगत, आबा दोन दिवस लावायचे."

बाटल्या पातळ होत्या, म्हणून त्यांनी घाई सोसली, हे बाईंनी समजावलं. माल टाकून द्यायची गरज नाही, हेही सांगितलं. मोजपात्रं पुन्हा निवणीत ठेवायची, आकार ढळणार नाही इतपतच तापवायची, म्हणजे आतल्या पोरांना पुन्हा थोडे हात सोडता येतील. आणि या वेळी सावकाश गार करायची. "माझ्याकडून दोन आठवडे जास्त घ्या. शाळांना मी सांगते."

बाई गेल्यावर थोरले दीर शेडमध्ये उभे होते. त्यांनी जाऊबाईंकडून किल्ली घेतली आणि धाकटीपुढे धरली.

"घे."

धाकटीने हात पुढे केला नाही.

"घे म्हणतोय ना."

"घेते. आधी दुसरी किल्लीही इथे आणा."

जाऊबाईंनी थोरल्या दिरांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "ती अडीअडचणीला असते माझ्याकडे."

"अडचण आली तर माझ्याकडे मागा, जाऊबाई. मी देईन. पण उद्या काही फुटलं तर विचारणा एकीलाच व्हायला हवी, आणि मला माहीत हवं की आत दुसरं कुणी गेलेलं नाही."

जाऊबाई घरात गेल्या. बांगड्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मी वाटेल ते बोलले," त्या म्हणाल्या, किल्लीकडे बघत.

"हो," धाकटी म्हणाली. 'असू दे' असं ती म्हणाली नाही, आणि जाऊबाईंनीही त्याची वाट पाहिली नाही.

"आणखी एक," धाकटी थोरल्या दिरांना म्हणाली. "बाई त्या पट्ट्या ठेवून गेल्यात. निवणीतून निघालेलं प्रत्येक भांडं मी त्यातून बघणार. मगच ते माझ्या खोलीत येईल."

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"काचेवर, भावोजी." ती थोडी थांबली. "आणि थोडा तुमच्यावरही."

नवरा खोकला. ते हसू होतं की भट्टीचा धूर, ते कळलं नाही. थोरल्या दिरांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

पहिली चाळीस मोजपात्रं तीन दिवस निवणीत राहिली. झडपेशेजारी थोरल्या दिरांनी स्वतः एक खूण-पट्टी ठोकली होती, आबांच्या बोटाच्या निम्म्या जाडीच्या अंतराने रेघा मारलेली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराचं लिंपण फोडलं आणि एकेक मोजपात्र आणून धाकटीच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. धाकटीने खिडकीला पोतं लावून अंधार केला होता. ती दिव्यापुढे मोजपात्र धरायची, पट्टीतून बघायची, आणि उजव्या हाताला ठेवायची. थोरले दीर दारात थांबायचे, मग पुढचं आणायला जायचे. काळं, काळं, काळं.

सव्विसाव्याला ती थांबली. बुडाच्या एका बाजूला अगदी पुसटसा, राखी उजेड होता, चिमटीत मावेल एवढा. एरवी कुणाच्या नजरेत आला नसता. ते निवणीच्या दाराशी ठेवलेलं असणार, लिंपण तिथे पातळ राहिलं असेल.

"चालेल की एवढं," थोरले दीर म्हणाले. त्यांनाही दिसलं होतं.

धाकटीने ते मोजपात्र उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली, "मधोमध."

ते क्षणभर उभे राहिले. मग दोन्ही हातांनी ते धरून, पायाखाली बघत, निवणीकडे गेले.